रग्बीचा साखरपुडा

सत्काराचं आपल्याकडे लग्नासारखं असतं. ठरवताना दोन माणसं असतात, आणि पार पडताना ती दोन माणसं सोडून सगळं गाव असतं. कुणाला चहा आधी मिळाला आणि कुणाचं नाव पत्रिकेत खाली गेलं, यावरून पुढची कित्येक वर्षं बोलणी खावी लागतात. दयानंद सरांना हे ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. नांदेडच्या एका कॉलेजात ते शारीरिक शिक्षण शिकवत, आणि शारीरिक शिक्षणाच्या मास्तरला वर्षभर शरीर आणि शिक्षण सोडून बाकीचीच कामं असतात. सतरंज्या घालायच्या, माइकमध्ये ‘हॅलो, हॅलो’ करायचं, पाहुण्यांच्या गळ्यातून उतरलेले हार कुठे ठेवायचे ते बघायचं. दुसऱ्यांचे एवढे सत्कार या माणसाने पार पाडले होते, की आपण करू तो सत्कार छोटा, नेटका आणि वेळेवर संपणारा असेल अशी त्याची खात्री होती. अनुभवी माणसं अशीच फसतात.

बेत अगदी साधा होता. मुलींच्या रग्बी संघाचा मोसम संपला होता. एका रविवारी त्यांना कॉलेजच्या व्हरांड्यात बोलवायचं, एकेकीच्या खांद्यावर शाल घालायची, हातात नारळ द्यायचा आणि तिने मैदानावर काय केलं ते चार वाक्यांत सांगायचं. मग चहा-भजे, आणि सगळे आपापल्या घरी. शाली सरांच्या बायकोने, सिंधुवहिनींनी, वजिराबादेतली दुकानं पालथी घालून आणल्या. दुकानदार म्हणत होता, सगळ्या एका रंगाच्या घ्या, सत्काराला तसंच घेतात. वहिनींनी त्याला उडवून लावलं. जयाला लिंबोणी, कारण ती उन्हात फार करपते. सृष्टीला गुलाबी, कारण तिला भाऊच भाऊ, त्यामुळे तिच्या वाट्याला कायम त्यांचे जुने शर्ट येतात. आणि कप्तान शिवांगीला मोरपंखी, जरीच्या काठाची, सगळ्यांत भारी.

नारळालाही तसंच कारण होतं. संघ उभा राहिला तेव्हा चेंडू आलेला नव्हता. मागवला होता, पण तो कुठल्यातरी टेबलावर सहीसाठी थांबला होता, आणि सही करणारे साहेब कुठल्यातरी सत्काराला गेले होते. रग्बीचा चेंडू लांबट असतो, हे फोटोत बघून सरांनी शेंडीवाल्या नारळांवर सराव सुरू केला. नारळ हातातून सुटला की पायाच्या बोटावर येतो. त्यामुळे या मुलींनी पुढे मोसमभर सामने हरले, गुडघे फोडून घेतले, एकीने दात हलवून घेतला, पण चेंडू म्हणून हातातून सोडला नाही. या खेळाचा एक नियम सरांना फार आवडायचा. चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. पळायचं पुढे, आणि द्यायचा मागून येणाऱ्याला. सर म्हणत, हा नियम शोधणारा माणूस एकत्र कुटुंबातला असणार.

मोसमातले बाकीचे सगळे सामने हरून संघाने शेवटचा लातूरला जिंकला. लातूरला जाऊन लातूरला हरवणं म्हणजे काय, हे नांदेडकराला सांगावं लागत नाही.

सत्काराचं आमंत्रण द्यायला सर स्वतः अर्धापूरला गेले, ते शिवांगीच्या वडिलांसाठी. सटवाजी इंगोले केळीच्या बागेत पाणी देत होते. त्यांनी सरांना बांधावर बसवलं, तांब्या दिला आणि पोटात होतं ते बोलून टाकलं.

“सर, म्या खेळाला न्हाई म्हणलो न्हाई. पर पोरगी गुडघे फोडून येती. भावकीतले इचारतेत, काय करायली रे तुझी पोरगी नांदेडला? काय सांगू? कुस्ती असती तर सांगितलं असतं, कबड्डी असती तर सांगितलं असतं. ह्याचं तर नाव घेतानाच जीभ अडकती. आता आमच्या नरसिंगनं, चुलतभावानं, एक सोयरीक आणली हाय. पोरगी म्हणती, बाबा, अजून दोन वर्सं खेळायचं हाय.”

“मामा, लई चांगली खेळते ती.”

“ते तुमी मला सांगून राहिले. मला सांगून काय फायदा? चार लोकांत एकदा नाव घ्या तिचं. मोठ्यानं. मंग नरसिंगला काय सांगायचं ते म्या बघतो.”

“घेतो मामा. शब्द देतो,” सर म्हणाले.

हे चार लोक कोण, ते आजवर कुणी पाहिलेले नाहीत. कुणाची मुलगी किती शिकावी, कुणी कुठलं लुगडं नेसावं, म्हाताऱ्याच्या तेराव्याला किती पंगती उठाव्या, हे सगळं तेच ठरवतात, आणि तरी त्यांचा पत्ता कुणालाच माहीत नसतो. सर बसने परत येताना त्याच विचारात होते. एका मुलीचा पुढचा मोसम आता आपल्या तोंडून निघणाऱ्या एका नावावर अडकला आहे, हे त्यांना फार जड वाटलं. आणि थोडं बरंही वाटलं, कारण मास्तरच्या शब्दाला एवढी किंमत आजकाल कोण देतो?

घरी आले तर अंगणात शेजारचे राजशेखर बसलेले. राजशेखर रेल्वेतून निवृत्त झाले होते, आणि तेव्हापासून गल्लीतला एकही कार्यक्रम त्यांच्या हिरव्या झेंडीशिवाय सुटत नव्हता.

“व्हरांड्यात?” ते म्हणाले. “सर, व्हरांड्यात लसीकरण होतं. सत्कार होत नसतो. अध्यक्ष कोण आहे?”

“अध्यक्ष कशाला?”

लग्नघरी कुणी ‘नवरदेव कशाला’ असं विचारावं, तसं राजशेखरांनी आळीपाळीने सरांकडे आणि वहिनींकडे पाहिलं. मग चहाचा कप खाली ठेवून त्यांनी सूत्रं हातात घेतली. अध्यक्ष म्हणून प्राचार्य ठरले. प्राचार्य म्हणाले, मी एकटा बरा दिसत नाही, लातूरचे आमचे व्याही भगवानराव बऱ्याच संस्थांवर आहेत, त्यांना प्रमुख पाहुणे करा. लातूरला हरवून लातूरचाच पाहुणा बोलवायचा का, असं सरांनी भीत भीत विचारलं. त्यात आपलं मन मोठं दिसतं, असं उत्तर आलं. लातूरचा पाहुणा येणार म्हटल्यावर नांदेडचे काय मेले आहेत का, असा प्रश्न नांदेडच्या मान्यवरांनी विचारला, आणि तो रास्तच होता. एकाला बोलावलं की दुसऱ्याला बोलवावं लागतं, आणि दुसऱ्याला बोलावल्यावर पहिला म्हणतो, त्याला बोलावलंच कशाला?

निमंत्रणपत्रिकेत तर हे डोळ्यांनी दिसत होतं. पहिल्या खर्ड्यात मुलींची नावं ठळक अक्षरात मधोमध होती. प्राचार्य आले तशी ती जरा खाली सरकली. भगवानराव आले तेव्हा त्यांचा टाइप बारीक झाला. मान्यवर आल्यावर ती पाठीमागे गेली, पाठीमागे चहावाल्याची जाहिरात आली, आणि छापून आलेल्या पत्रिकेत शेवटी एवढंच उरलं: ‘तसेच सर्व खेळाडू’. खुद्द दयानंद सरांचं नाव ‘विनीत’च्या खाली ‘व मित्रमंडळ’ यात विरघळून गेलं होतं. त्यांनी ती पत्रिका बराच वेळ हातात धरली. मग पाकिटं घेऊन स्वतःच वाटायला निघाले, कारण वाटायला दुसरं कुणी नव्हतं.

एवढी माणसं म्हटल्यावर व्हरांडा पुरणार नव्हताच. मंगल कार्यालय बघावं लागलं. तिथले व्यवस्थापक मलप्पा देगलूरकडचे, बोलायला मऊ आणि नियमाला कडक.

“कार्यक्रम कशाचा हाय?”

“सत्काराचा.”

“सत्कार न्हाई बसत. आमच्या कॉम्प्युटरात लगीन, साखरपुडा, बारसं अन् डोहाळजेवण, एवढंच हाय. त्यातलं सांगा कोणचं टाकू?”

मुलींचं लग्न लावणं सरांच्या हातात नव्हतं, आणि बाकीच्या दोन गोष्टींचा तर विचारही नको. साखरपुडा टाका, ते म्हणाले.

“दुपारचा साखरपुडा मिळंल. पर चारला हॉल खाली करायचा. पाचला खरा साखरपुडा हाय. आता दोन नावं सांगा.”

“कसली नावं?”

“भाईर बोर्डावर दोन नावं लागतेत, सर. एका नावाचा बोर्ड लावला तर अपशकुन होतो. मालक माझं डोस्कं खातेल.”

नाव एकच आहे, महिला रग्बी संघ, असं सरांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. मलप्पांनी मान डोलावली, बुक करणाऱ्याचं नाव विचारलं आणि लिहून घेतलं. मान डोलावणाऱ्या माणसाला समजलं असं समजू नये, हा धडा सर पोरांना शिकवत आले होते, पण स्वतः विसरले.

रविवारी वहिनी शालींची पिशवी घेऊन रिक्षातून उतरल्या, तर कार्यालयाच्या दारावर केशरी अक्षरांत बोर्ड झळकत होता: शुभ साखरपुडा. चि. दयानंद आणि चि. सौ. कां. रग्बी. वहिनींनी तो सावकाश वाचला.

“अहो,” त्या म्हणाल्या, “आधी सांगितलं असतं तर मी जरा नीट नेसून आले असते.”

बोर्ड काढायला वेळ नव्हता. सरांना आत ओढणारी शंभर कामं होती, खुर्च्या, पाण्याचा जार, माइक, आणि भजेवाला, जो भज्यांऐवजी साखरपुड्याचे पेढे घेऊन आला होता. आणि नेमकं त्याच वेळी सटवाजी बाहेर येऊन थांबले.

धुवून इस्त्री केलेलं धोतर, पांढराशुभ्र सदरा, डोक्याला नवा फेटा. बोर्ड वाचून ते चपापले आणि जिन्याखालीच उभे राहिले, कारण परक्याच्या साखरपुड्यात बिनबोलावता घुसणारा माणूस तो नव्हता. राजशेखर दारात प्रमुख पाहुण्यांची वाट बघत होते. भगवानरावांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण पाहुणा कसा दिसतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि समोर तसाच माणूस उभा होता, शांत, पांढराशुभ्र आणि आत यायला संकोचणारा. मोठी माणसं अशी संकोचतातच.

“या साहेब, या! किती वेळ बाहेर!” म्हणत त्यांनी सटवाजींचा हात धरला आणि त्यांना थेट मंचावर, मधल्या खुर्चीवर नेऊन बसवलं. सटवाजींनी दोनदा काही बोलायला तोंड उघडलं. पण सनई एवढी मोठी लावली होती की ते त्यांचं त्यांनाही ऐकू आलं नाही.

सर मागच्या दाराने पेढ्यांचा निकाल लावून आले, तेव्हा सूत्रसंचालन सुरू झालं होतं. तेही राजशेखरच करत होते. शालींची पिशवी टेबलावर उघडली होती, आणि तबक घेऊन शिवांगी उभी होती, कारण तबक धरायला मुलीच असतात.

“आजचे प्रमुख पाहुणे, लातूरचे आदरणीय...” राजशेखरांनी पिशवीत हात घालून सगळ्यांत भारी शाल वर काढली. मोरपंखी. जरीच्या काठाची. ती सटवाजींच्या खांद्यांवर आली, फेट्यावर आणखी एक फेटा बसला, हातात नारळ आला. सटवाजींनी भांबावून लेकीकडे पाहिलं. लेकीने तबकामागे तोंड लपवलं. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक समज उमटत गेली, ती खुर्चीआडून बघणाऱ्या सरांना लख्ख दिसली. खेळणाऱ्या पोरीच्या बापाला इथे एवढा मान देतात! त्या माणसाचे डोळे भरून आले. आता हे चूक आहे म्हणून सांगायला जाणं, हे सरांच्या हातून झालंच नाही.

त्यानंतर खरे भगवानराव आले. मंचावर एकदा बसलेल्या माणसाला उठवायची आपल्याकडे पद्धत नाही, तेव्हा राजशेखरांनी न डगमगता ‘आणि आपले दुसरे प्रमुख पाहुणे’ अशी घोषणा केली. भगवानरावांच्या खांद्यावर सृष्टीची गुलाबी शाल पडली. लिंबोणी प्राचार्यांना गेली. मग एकेका मान्यवराचं नाव आणि एकेका मुलीची शाल. पहिल्या रांगेत सिंधुवहिनी पदर आवळून बसल्या होत्या. आपण जयासाठी, सृष्टीसाठी दुकानातल्या उजेडात धरून बघितलेले रंग अनोळखी पोटांवरून लोंबताना त्या बघत होत्या. सर वाकत वाकत राजशेखरांच्या कानाशी गेले.

“अहो, ह्या शाली पोरींच्या आहेत.”

“खेळाडूंना शाल कुठं देतात सर? खेळाडूंना प्रमाणपत्र देतात.”

“प्रमाणपत्रं छापलीच नाहीत.”

“मग ते तुमचं चुकलं,” राजशेखर म्हणाले आणि पुढच्या नावाकडे वळले.

भाषणं झाली. एका मान्यवरांनी मुलींनी कबड्डीत नांदेडचं नाव उज्ज्वल केल्याचं सांगितलं. भगवानरावांनी स्त्रीशक्तीवर सुरुवात केली, तिथून ते उसावर आले, उसावरून पाण्यावर, आणि पाण्यात बराच वेळ राहिले. मुली भिंतीला टेकून उभ्या होत्या, कारण खुर्च्या संपल्या होत्या. सटवाजींनाही दोन शब्दांचा आग्रह झाला. ते माइकपासून हातभर लांब उभे राहिले.

“म्या ऐकाया आलो. बोलाया न्हाई,” एवढंच म्हणून ते बसले. दुपारभरातल्या सगळ्यांत जोरदार टाळ्या त्या भाषणाला पडल्या.

ते काय ऐकायला आले आहेत, हे त्या हॉलमध्ये फक्त त्यांना आणि सरांना माहीत होतं. मागे दारात मलप्पा मनगटावरचं घड्याळ दाखवत होते, आणि त्यांच्या पाठीशी खऱ्या साखरपुड्याची माणसं, ताटं, पेटारे आणि एक बँडवाला अशी गर्दी साठत चालली होती. माइक आपण हिसकावून घ्यावा, असं सरांना वाटलं. त्यांनी तो घेतलाही. पण माइक पुढे आला की या माणसाच्या तोंडातून कुठल्यातरी परिपत्रकातली मराठी निघे. “याप्रसंगी मी... सर्व उपस्थित...” एवढं झालं तोवर राजशेखरांनी माइक अलगद काढून घेतला. “वेळेअभावी खेळाडूंचा सत्कार यथावकाश करण्यात येईल,” ते म्हणाले. “राष्ट्रगीतासाठी सर्वांनी उभं राहावं.”

राष्ट्रगीत झालं की कार्यक्रम संपतो. त्यानंतर आपल्या देशात कुणी कुणाचा सत्कार करू शकत नाही. सर सावधान उभे होते, हात शिवणीवर, मान ताठ, आणि शब्द मोडल्याची लाज कानाच्या पाळीपर्यंत चढत होती.

माणसं पांगली. हॉल तर खऱ्या नवरीकडच्यांनी ताब्यातच घेतला. कार्यालयाच्या अंगणात सटवाजी सरांसमोर आले. मोरपंखी शाल नीट सावरून घेतली होती.

“सर,” ते हळू आवाजात म्हणाले, “नाव ऱ्हायलं व्हय?”

रागावून विचारलं असतं तर बरं झालं असतं. कॉलेज, पत्रिका, व्याही, कॉम्प्युटर, यांतलं सर काय काय सांगणार, आणि त्यातलं कुठलं खरं कारण होतं? खरं कारण एवढंच होतं, की प्रत्येक वेळी त्यांना नको म्हणायचं होतं आणि प्रत्येक वेळी त्यांनी बरं म्हटलं होतं.

तेवढ्यात सृष्टी आली. तिच्या ओढणीत काहीतरी जड बांधलेलं होतं.

“सर, नारळ टेबलावरच सोडून गेले की सगळे.”

हेही नेहमीचंच. शाल पाहुणा घेऊन जातो, नारळ मात्र खुर्चीखाली विसरतो. तिने ओढणी सरांच्या पायाशी ठेवली, आणि त्यांनी त्यातला एक नारळ उचलला. शेंडीवर बोटं फिरवली. मैदान आठवलं, पहाटेचा सराव आठवला, पायाच्या बोटावर आलेल्या नारळाने उड्या मारणारी जया आठवली. आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो माइकवरचा नव्हता. मैदानावरचा, गोदावरीच्या पलीकडे ऐकू जाणारा होता.

“लायनीत!”

मुली सवयीने धावल्या. नव्या ड्रेसांत, टिकल्या-बांगड्यांत, पण तिरकी रांग बिनचूक लागली. खऱ्या साखरपुड्याचा बँड वाजता वाजता थांबला. पेटारे घेतलेल्या बाया जिन्यावरच थबकल्या.

“जया! दात हलला तवा रुमाल तोंडात धरून खेळली. बाहेर ये म्हणलो तर मलाच डोळे वटारले. घे!” नारळ हवेत गेला आणि जयाच्या दोन हातांत टप्पकन बसला. “सृष्टी! हिला वाटतं हिचं कुणाला दिसत न्हाई. दर सामन्यात सगळ्यांच्या मागं ही होती, म्हणून पुढल्यायला पळता आलं. मला दिसत होतं पोरी. घे!” सृष्टीने नारळ झेलला आणि तो पोटाशी धरून मान खाली घातली. सर एकेकीचं नाव घेत गेले. कुठलाही कागद नव्हता, आणि कुठेही अडखळले नाहीत. जिन्यावरची एक म्हातारी शेजारणीला विचारत होती, ह्यातली नवरी कोणची गं?

“शिवांगी सटवाजी इंगोले!”

शिवांगी रांगेतून एक पाऊल पुढे आली.

“लातूरला गुणाची रेघ समोर होती. दोघी हिच्या कमरेला लटकलेल्या. तशीच पुढं पडली असती तर गुण मिळालाबी असता, पेपरात नाव हिचंच आलं असतं. पर हिनं जोखीम न्हाई घेतली. सृष्टी मागून पळत येती हे हिला ठाऊक होतं. न बघता चेंडू तिला दिला, अन् सामना आपला झाला. ह्या खेळात पुढं फेकता येत न्हाई, मागच्याला द्यावा लागतो. मी इतकी वर्सं मैदानावर हाय. पुढं पळणारे लई बघितले. देणारी ही एकच बघितली.”

सरांनी ओढणीत हात घातला. ओढणी रिकामी होती. शिवांगीचा नारळ तिथे नव्हताच, तो दुपारीच सत्कारात देऊन झाला होता. तो सटवाजींच्या हातात होता.

सटवाजी पुढे आले. नारळ फेकायला हात उचलला आणि थांबले.

“सर, पुढं फेकायचं न्हाई ना?”

मग ते लेकीच्या बाजूने तिच्याही पुढे चालत गेले, तिच्याकडे पाठ केली, दोन फेटे एका हाताने सावरले, आणि नारळ मागे भिरकावला. तो पार वाकडा गेला. शिवांगीने बाजूला झेप टाकली आणि जमिनीपासून वीतभर वर तो पकडला. जिन्यावरून टाळ्या आल्या. बँडवाल्याने आपण होऊन ढोलावर एक थाप दिली. सिंधुवहिनी उघड उघड रडत होत्या, आणि राजशेखर, जे अजून एका खांबाआड उभे होते, ते म्हणत होते की प्रमुख पाहुण्यांचा साधेपणा बघा.

निघताना सर बापलेकींना सोडायला दारापर्यंत गेले. अर्धापूरची जीप थांबली होती. आतून एक डोकं बाहेर आलं.

“काय सटवाजी! कुणाचा साखरपुडा रे?”

नरसिंग होता, सोयरीक आणणारा चुलतभाऊ. त्याच्या मागे भावकीतले आणखी तिघं दाटीवाटीने बसले होते. म्हणजे ते चार लोक अखेर दिसले. दिसायला अगदी साधी माणसं होती. एकजण पेरू खात होता.

सटवाजींनी वरच्या बोर्डाकडे पाहिलं. मग खांद्यावरच्या मोरपंखी शालीकडे पाहिलं, आणि घसा साफ केला.

“साखरपुडा न्हाई. माझी शिवांगी रग्बी खेळती. तिचा सत्कार व्हता. ही शाल तिची हाय, तिच्यामुळं मला मिळाली.”

जीभ कुठेही अडकली नाही.

“मंग सोयरीकवाल्यायला काय सांगू?” नरसिंगने विचारलं.

“सांग, पोरगी खेळायली. थांबायचं आसंल तर थांबा म्हणावं.”

पेरू खाणारा थांबला. “रग्बी म्हंजे काय असतंय रे?”

“सरक तिकडं,” सटवाजी जीपमध्ये चढत म्हणाले. त्यांनी लेकीच्या हातातला नारळ मागून घेतला आणि त्या चौघांच्या मधोमध धरला. “हे बघा. समजा, हा चेंडू हाय.”

जीप सुटली. सटवाजींचं सांगताना काही चुकलं तर ओरडून सांगावं म्हणून दयानंद सर थोडं अंतर जीपच्या मागे चालत राहिले. ऐकू येत होतं तोवर काहीच चुकलं नाही.